प्रतिरोधजनुकांचा आडवा प्रवास



प्रतिजैविके, म्हणजे रोजच्या बोलण्यातील अँटिबायोटिक्स, ही जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे होत. आणि अशा औषधाच्या सान्निध्यातही एखादा जिवाणू तगून राहतो व वाढतो, तेव्हा त्याच्या त्या गुणाला प्रतिरोध म्हटले जाते. हा गुण जिवाणूच्या जनुकांत, म्हणजे डीएनएच्या धाग्यावरील विशिष्ट तुकड्यांत, नोंदलेला असतो. येथपर्यंत कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. घोटाळा सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी: जिवाणूला हा गुण मिळतो कोठून?

याचे एक उत्तर घरोघरी ऐकू येते, ते असे की गोळ्यांची शरीराला सवय झाली, म्हणून आता गोळी लागू पडत नाही. हे उत्तर चुकीचे आहे. सवय शरीराला होत नाही, बदलतात ते जंतू. दुसरे उत्तर शिकलेल्या वर्गाचे आहे: औषधाच्या माऱ्यात एखाद्या जंतूमध्ये योगायोगाने फायदेशीर बदल घडतो, तो एकटा जगतो, आणि त्याची प्रजा तो गुण घेऊन वाढते. हे उत्तर खरे आहे, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे असे की जिवाणू हा गुण आपल्या आईकडून घेतो तसा शेजाऱ्याकडूनही घेतो, आणि तो शेजारी त्याच्या जातीचाच असला पाहिजे असे मुळीच नाही. पिढीकडून पिढीकडे जाणारा वारसा उभा म्हटला, तर हा वारसा आडवा होय. रुग्णालये, औषधाची दुकाने आणि शासनाच्या योजना आजही मुख्यतः उभ्या वारशाच्या हिशेबाने चालतात आणि आडवा वारसा हिशेबाबाहेर राहतो, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

दोन्ही वारशांतील फरक पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून दोन वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेले दोन छोटे शोधलेख शेजारी शेजारी ठेवले तरी पुरे. त्यांपैकी नंतरचा आधी घेऊ. डिसेंबर २०११ मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, की ज्यांच्या जंतूंवर तपासलेल्या औषधांपैकी एकही चालत नव्हते. हे प्रकरण गाजले, आणि ते गाजायलाच हवे होते. परंतु क्षयाचा जंतू हा एकलकोंडा जीव आहे. तो इतरांशी जनुकांची देवघेव जवळपास करीत नाही. त्याचा प्रतिरोध त्याच्याच जनुकांतील लहानसहान बदलांची बेरीज असते, आणि अर्धवट किंवा चुकीच्या उपचारांनी ती बेरीज एकेका रुग्णाच्या फुप्फुसात साठत जाते. हा उभा वारसा होय. म्हणूनच क्षयाच्या बाबतीत 'कोर्स पुरा करा' हा उपदेश शब्दशः लागू पडतो.

आता आधीचा लेख. मार्च २०१० मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात त्याच रुग्णालयातील चमूने ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात सापडलेल्या, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंचा तपशील दिला. कार्बापेनेम हा औषधांचा गट म्हणजे बाकीची औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात शिरेतून दिली जाणारी राखीव फळी होय. या २४ पैकी २२ जिवाणूंमध्ये एकच विकर सापडले: एनडीएम-१. (विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हे विकर औषधाच्या रेणूतील कळीचे कडे फोडते आणि औषध निकामी करते.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट आकड्यात नाही. ती अशी, की हे जिवाणू एका जातीचे नव्हते. त्यांत क्लेब्सिएला होते, ई. कोलाय होते, एन्टेरोबॅक्टर होते. निरनिराळ्या जातींमध्ये, तीन-चार महिन्यांच्या अवधीत, योगायोगाने तेच जनुक स्वतंत्रपणे घडले असेल काय? असे घडणे अशक्यप्राय आहे. एकच जनुक जातीजातींत फिरत होते, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

या जनुकाची पहिली नोंद आणखी बोलकी आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ च्या आरंभी एनडीएम-१ असलेला क्लेब्सिएला सापडला, आणि नंतर त्याच रुग्णाच्या विष्ठेत तेच जनुक बाळगणारा ई. कोलायही सापडला. बहुधा त्या एका माणसाच्या आतड्यातच जनुकाने जात ओलांडली होती. पुढे 'एनडीएम' या नावात 'नवी दिल्ली' का घातले, यावरून देशात जे वादळ उठले त्यात राष्ट्राभिमान होता, वैद्यकीय पर्यटनाच्या धंद्याची काळजी होती, सगळे होते. फक्त त्या जनुकाची वाट कोणती, या प्रश्नाला पुरेशी जागा नव्हती. त्या चर्चेचा तोटा येथल्याच रुग्णांना झाला, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

श्रोतेहो, जीवशास्त्राच्या दृष्टीने यात नवे काहीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीच्या साथींवर सल्फा औषधे मुबलक वापरली गेली, ती निकामी ठरली तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन आली, आणि १९५० च्या दशकात तेथील डॉक्टरांना हगवणीचे, म्हणजे शिगेला जातीचे, असे जंतू सापडू लागले की जे या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हते. एकामागून एक चार स्वतंत्र बदल घडले असे मानावे, तर ज्या रुग्णांना चारपैकी एकच औषध मिळाले होते त्यांच्यातही चारही प्रतिरोध दिसत होते. त्याहून चमत्कारिक म्हणजे त्याच रुग्णांच्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायमध्येही नेमके तेच चार प्रतिरोध आढळत होते. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दोन्ही जातींचे जिवाणू एकत्र वाढवून दाखवले की हा चौपदरी गुण ई. कोलायकडून शिगेलाकडे जसाच्या तसा जातो. हे सारे जपानी भाषेत छापले गेले, आणि त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत विस्तृत आढावा घेईपर्यंत पश्चिमेकडील बहुतेकांना त्याची खबर नव्हती. इंग्रजीत छापले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची खोड विज्ञानालाही असते.

हा गुण जातो तो कसा? जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, बहुधा वर्तुळाकार, सुटी कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. पेशी जगण्यासाठी ती आवश्यक नसते, परंतु तिच्यावर स्वतःची प्रत काढण्याची सोय असते आणि अनेकदा शेजाऱ्याकडे जाण्याची सर्व सामग्रीही असते. असे प्लाझ्मिड बाळगणारा जिवाणू आपल्या अंगावरून एक अतिशय बारीक प्रथिनतंतू बाहेर काढतो, तो शेजारच्या पेशीला चिकटतो, मग आखडत जाऊन दोन्ही पेशींना अंगाशी अंग लावून उभे करतो. दोन्ही आवरणांतून एक वाट तयार होते. प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक कापला जाऊन त्या वाटेने पलीकडे सरकतो, आणि मग दोन्ही पेशी आपापल्याकडच्या एकेरी धाग्याला जोडीदार धागा तयार करून घेतात. या क्रियेला संयुग्मन म्हणतात. ती १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी प्रथम उघड केली. येथे दाता दान करून रिता होत नाही, आणि घेणारा घेतल्या क्षणापासून स्वतः दाता बनतो. उभ्या वारशात प्रतिरोध पसरायला त्या जंतूची प्रजा वाढावी लागते. येथे प्रजा न वाढताही प्रतिरोध वाढतो.

प्लाझ्मिडवरील जनुके तरी तेथे आली कशी, असा प्रश्न यावर कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की डीएनएमध्ये काही तुकडे स्वतःची जागा सोडून दुसरीकडे बसण्याची क्षमता बाळगतात. त्यांना ट्रान्सपोझॉन, म्हणजे उडी मारणारे तुकडे, म्हणतात. एखादे प्रतिरोधजनुक अशा तुकड्यात अडकले की ते गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर, आणि एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जाते. याखेरीज इन्टेग्रॉन नावाची एक रचना असते, जी सुटी जनुके पकडून एकामागे एक रांगेत बसवते. परिणाम असा, की एकाच प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांचे प्रतिरोध शेजारी शेजारी येऊन बसतात. मग त्यांपैकी कोणतेही एक औषध वापरले तरी ते सगळेच टिकतात. रापण बांगड्यासाठी लावली तरी जाळे ओढल्यावर त्यात जे जे सापडेल ते सर्व किनाऱ्याला येते, तसाच हा प्रकार. सर्दीखोकल्यावर विनाकारण घेतलेली साधी गोळी अतिदक्षता विभागातील महागड्या इंजेक्शनचा प्रतिरोध कसा जोपासू शकते, याचे उत्तर या शेजारात आहे.

दुसरी वाट विषाणूंची. जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजे फाज, कधीकधी स्वतःच्या डीएनएऐवजी यजमानाचाच तुकडा चुकून पोटात घालून पुढच्या पेशीत नेऊन सोडतात. ही गोष्ट झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेक फाज ठरावीक यजमानांनाच धरत असल्याने दूरच्या जातींत जनुके नेण्यात त्यांचा वाटा लहान असतो, म्हणून येथे इतकेच.

तिसरी वाट मात्र या मालवणच्या किनाऱ्यावर सविस्तर सांगण्याजोगी आहे. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला उघडा डीएनए काही जिवाणू सरळ आत ओढून घेतात. याला रूपांतरण म्हणतात. १९२८ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी मारून टाकलेले घातक न्यूमोकॉकस आणि जिवंत पण निरुपद्रवी न्यूमोकॉकस एकत्र करून उंदरांना टोचले, उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू मिळाले. मेलेल्यांचा गुण जिवंतांत गेला होता. तो नेणारा पदार्थ डीएनए आहे हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केले. पुढे पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसची जनुके तपासली असता त्यांत माणसाच्या तोंडात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचे तुकडे जोडलेले दिसले. म्हणजे हा खेळ प्रयोगशाळेपुरता नव्हता.

याचा मालवणच्या किनाऱ्याशी संबंध काय? संबंध कुर्ल्यांच्या कवचाशी आहे. पटकीचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, आणि त्याचे अनेक भाईबंद हे मुळात खाडीच्या मचूळ पाण्याचे रहिवासी आहेत. माणसाचे आतडे ही त्यांची पाहुणी जागा. पाण्यातील कोळंबी, कुर्ल्या आणि सूक्ष्म कवचधारी जीव यांच्या कवचांत कायटिन नावाचा पदार्थ असतो, आणि व्हिब्रिओ त्यावर थर धरून वाढतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की नुसत्या पाण्यात वाढणारा व्हिब्रिओ बाहेरचा डीएनए घेत नाही, परंतु कायटिनच्या पृष्ठभागावर बसला की डीएनए आत ओढण्याची त्याची यंत्रणा चालू होते. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथील गटाने त्यात भर घातली: कायटिनवर बसलेला व्हिब्रिओ विषारी प्रथिनांची अणकुचीदार नळी खुपसून शेजारच्या परक्या पेशीला फोडतो, आणि तिच्यातून सांडलेला डीएनए उचलतो. श्रोत्यांपैकी कोणी याचा अर्थ असा घेऊ नये की कुर्ल्यांचे सार धोक्याचे आहे. उकळत्या सारात कोणताही व्हिब्रिओ टिकत नाही. अर्थ इतकाच, की कवचांचा कचरा, गाळ आणि सांडपाणी जेथे एकत्र येते ती जागा जनुकांच्या देवघेवीला विशेष अनुकूल असते.

भारताच्या किनाऱ्याने अशा देवघेवीचे मोठे उदाहरण पाहिलेले आहे. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीचा एक नवा प्रकार, ओ१३९, उद्भवला आणि बंगालच्या उपसागराच्या काठाकाठाने पसरला. त्याच्यावर सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन चालत नव्हते. १९९६ मध्ये असे उघड झाले की हे सर्व प्रतिरोध एसएक्सटी नावाच्या एकाच लांब तुकड्यावर आहेत, जो एरवी गुणसूत्रात मुकाट बसतो आणि वेळ येताच सुटून संयुग्मनाने दुसऱ्या जिवाणूत जातो. ही वेळ कधी येते? जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीत संकटकालीन दुरुस्तीची यंत्रणा जागी होते. तीच यंत्रणा एसएक्सटीवरचा लगामही सैल करते. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे औषध नेमकी अशीच इजा करते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने एक जुना समज मोडला. प्रतिजैविक केवळ गाळणीचे काम करते, दुबळे मारते आणि सबळ ठेवते, असे मानले जात होते. प्रत्यक्षात काही प्रतिजैविके सबळांच्या जनुकांना प्रवासाला उद्युक्तही करतात.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. रुग्णालयातील घाण समुद्रात जाते आणि समुद्र बिघडतो, एवढेच सांगायचे आहे काय? नाही, उलटा प्रवासही घडलेला आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे क्विनोलोन गटातील औषध पूर्णतः माणसाने घडवलेले, निसर्गात कोठेही नसलेले. त्यामुळे त्याच्याविरुद्धचे जनुक प्लाझ्मिडवर फिरू शकेल असे कोणालाही वाटत नव्हते. १९९८ मध्ये असे जनुक, क्यूएनआर, अमेरिकेतील एका रुग्णाच्या क्लेब्सिएलामध्ये सापडले, आणि २००५ मध्ये त्याचे मूळ घर समजले: शेवानेला अल्गी हा समुद्राच्या पाण्यातील जिवाणू. जे औषध निसर्गात नव्हते त्याच्याविरुद्धचे जनुक समुद्रातील जिवाणूकडे होते तरी कशासाठी? बहुधा त्याचे तेथील काम निराळेच आहे, आणि औषधापासून बचाव हा त्याचा आनुषंगिक उपयोग. त्याचप्रमाणे सेफोटॅक्सिम निकामी करणाऱ्या सीटीएक्स-एम जनुकांचे मूळ क्लायव्हेरा नावाच्या, माती-पाण्यात आढळणाऱ्या आणि क्वचितच कोणाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूत आहे. उत्तरेकडील ३०,००० वर्षे गोठलेल्या जमिनीतही प्रतिरोधजनुके सापडली आहेत. पेनिसिलिन फोडणाऱ्या विकराचे वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले, आणि ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनचा उपचार सुरू झाला तो १९४१ च्या फेब्रुवारीत! १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले, तेव्हा त्यावरचा तोडगा पृथ्वीवर केव्हाचा तयार होता.

तेव्हा प्रतिरोधजनुके माणसाने निर्माण केली, असे म्हणता येत नाही. माणसाने केले ते असे की ज्या जीवांची एरवी गाठ पडली नसती त्यांना एका जागी दाटीवाटीने आणले, त्यावर औषधाचा शिडकावा केला, आणि ती जागा उबदार ठेवली. या तिन्ही गोष्टी जेथे जुळतात अशी पहिली जागा आतडे. विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या १०० अब्जांच्या घरात जाते. अशी जनुके बाळगणारा माणूस आजारी असतोच असे नाही. स्वीडनमधील उप्साला येथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परदेशी जाऊन आलेल्या १०० धडधाकट प्रवाशांपैकी २४ जण सेफोटॅक्सिमसारख्या औषधांना दाद न देणारे ई. कोलाय आतड्यात घेऊन परतले, आणि भारतात आलेल्यांमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त होते. स्वीडनचा प्रवासी जे नेतो ते गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी आणत नसेल, असे मानायला काहीही आधार नाही. बांबोळीला किंवा कोल्हापूरला उपचार घेऊन घरी परतणारा रुग्णही त्याला अपवाद नाही.

दुसरी जागा सांडपाणी. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधकारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तात औषध चढते त्याहून हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. २०११ मध्ये नवी दिल्लीच्या पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली: नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ होते, आणि ते पूर्वी ज्यांच्यात कधी नोंदले गेले नव्हते अशा ११ जातींत पोहोचले होते, ज्यांत पटकीचा आणि हगवणीचा जंतूही होता. त्याच अभ्यासात एनडीएम-१ च्या प्लाझ्मिडची देवघेव ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सिअसला अधिक झाली. अंगाच्या तापमानाला नव्हे, तर गटाराच्या तापमानाला. मालवणच्या किनाऱ्यालगतचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ या ३० अंशांच्या आसपासच असते.

सिंधुदुर्गाचा प्रश्न दिल्लीसारखा उघड्या गटारांचा नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत हा जिल्हा पहिला आला, आणि ते श्रेय रास्त होते. परंतु शौचालय बांधणे हा अर्धा भाग. त्याखालच्या खड्ड्यातील पाणी कोठे जाते, हा दुसरा. येथला जांभा सच्छिद्र आहे. त्यातून पाणी मुरते, वाहते आणि आषाढ-श्रावणात बावीच्या कठड्यापर्यंत चढते. एकाच परड्यात शोषखड्डा आणि बाव असली तर भर पावसात त्या दोहोंमधले अंतर कागदावरच उरते. बावीत टाकली जाणारी टीसीएल पावडर जंतू मारते आणि ती वेळेवर पडलीच पाहिजे, पण खाली मुरून खाडीकडे जाणाऱ्या पाण्यात कोणी टीसीएल टाकीत नाही. त्या पाण्यातून आलेले आतड्यातील जिवाणू खाऱ्या पाण्यात आणि उन्हात बऱ्याच अंशी मरतात, हे खरे. पण मरण्यापूर्वी प्लाझ्मिड देऊन जायला त्यांना फार वेळ लागत नाही, आणि घेणारा व्हिब्रिओ किंवा शेवानेला तेथलाच रहिवासी असतो, तो मरत नाही.

औषधांच्या वापराविषयी येथे दोनच गोष्टी, कारण त्या या जिल्ह्याच्या आहेत. लेप्टोस्पायरोसिसच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते, आणि लेप्टोच्या जंतूवर ते आजही चालते. हा वापर योग्य आहे, जीव वाचवणारा आहे. दोडामार्ग परिसरात २०१६ पासून डोके वर काढलेला माकडताप मात्र विषाणूचा आजार आहे, त्याच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. ताप दोन्हींत येतो, अंगदुखी दोन्हींत होते. निदान होईपर्यंत डॉक्टरने गोळी द्यावी की न द्यावी, हा पेच खरा आहे आणि तो दूरच्या खुर्चीतून सोडवता येत नाही. परंतु रुग्णाने परस्पर मेडिकलमधून 'जरा हाय पॉवरची' गोळी मागणे आणि ती मिळणे, यात कोणताही पेच नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार त्यातील औषधे चिठ्ठीवाचून देता येत नाहीत, आणि दुकानदाराने डॉक्टर व रुग्ण यांची नोंदवही तीन वर्षे जपायची असते.

पण वापर कमी केला, तर फिरणारी जनुके मावळतात काय? अनुभव दोन तऱ्हेचे आहेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधांचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. तरीही लंडनमधील एका रुग्णालयात ई. कोलायचा सल्फाप्रतिरोध १९९१ मध्ये सुमारे ४० टक्के होता तो १९९९ मध्ये ४६ टक्के भरला, कारण ते जनुक प्लाझ्मिडवर इतर प्रतिरोधांच्या शेजारी बसले होते आणि ती इतर औषधे चालूच होती. कोलिस्टिनची कथा निराळी. हे अगदी अखेरचे औषध चीनमध्ये डुकरांच्या खाद्यात सर्रास घातले जाई. २०१५ मध्ये तेथे एमसीआर-१ हे प्लाझ्मिडवरचे प्रतिरोधजनुक सापडले, २०१७ मध्ये खाद्यातील वापर थांबवला गेला, आणि माणसांच्या आतड्यांतील या जनुकाचे प्रमाण २०१६ मधील १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर आले. भारतानेही जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. जनुक एकटे आहे की घट्ट शेजारात बसले आहे, यावर परतीची वाट ठरते. आणि ते कळायचे तर जनुकाकडेच पाहावे लागते.

आज ते पाहिले जात नाही. रुग्णालयातील कल्चर रिपोर्ट कसा तयार होतो, हे पाहिले म्हणजे कारण कळेल. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीतील पोषक थरावर रुग्णाचा जंतू सारवतात, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जंतू न उगवलेले स्वच्छ वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते पट्टीने मोजतात. वर्तुळ मोठे तर औषध चालते, चकतीला चिकटून जंतू उगवला तर चालत नाही. कागदावर वर जातीचे नाव आणि खाली औषधांची यादी येते. एका रुग्णाच्या उपचाराला हा कागद पुरेसा आहे. पण वॉर्डातील तीन रुग्णांना तीन जातींचे जंतू निघाले, तर या कागदांवरून ती तीन स्वतंत्र प्रकरणे दिसतात. तिघांत एकच प्लाझ्मिड फिरले असेल, हे त्यांवर कोठेही उमटत नाही.

२०२० नंतर करोनाच्या निमित्ताने पीसीआर यंत्रे जिल्हा पातळीपर्यंत पोहोचली. विषाणूचा तुकडा शोधणारे तेच तंत्र योग्य अभिकर्मक वापरल्यास एनडीएम किंवा सीटीएक्स-एम जनुक शोधते, आणि जनुक कोणत्या जातीत बसले आहे याची त्याला फिकीर नसते. जिवाणू प्रयोगशाळेत वाढला नाही तरी चालते, बाटलीभर पाणी पुरते. देवबागला कर्ली जेथे समुद्राला मिळते तेथले, कोळंबच्या खाडीतले आणि रुग्णालयाच्या सांडपाण्याचे असे नमुने एकदा मे महिन्यात पाऊस पडण्यापूर्वी आणि एकदा बावी तुडुंब भरल्यावर ऑगस्टमध्ये घेतले, आणि त्याच महिन्यांतील कल्चर रिपोर्टांशेजारी ते मांडले, तर पावसाबरोबर कोणती जनुके खाडीत उतरतात आणि कोणती तेथे आधीपासूनच होती, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागेल.